वारस एकदाच ठरवा

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी, असे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. त्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. आता या नोंदींचा देशपातळीवर एक साठा ठेवायचा आहे, आणि मतदार यादी, रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, एवढेच काय, मालमत्ता नोंदणीसाठीसुद्धा तो त्या-त्या खात्याला देण्याची सोय कायद्यातच केली आहे. म्हणजे माणूस गेला की तो गेला हे सरकारला कळावे, अशी व्यवस्था उभी राहते आहे. रेशनकार्डावरचे नाव कमी करायला आणि पेन्शन थांबवायला ती उपयोगी पडेलच. पण गेलेल्या माणसामागे कोण उरले, हे मात्र सरकार अजूनही घरच्यांनाच सिद्ध करायला लावते. तेही एकदा नाही. सातबाऱ्यासाठी वेगळे, बँकेसाठी वेगळे, सोसायटीसाठी वेगळे, आणि एका ठिकाणी सिद्ध केलेले दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. मालमत्तेची वाटणी कशी करायची हा घराघराचा प्रश्न असेल, पण वारस कोण हा तपशिलाचा प्रश्न आहे. तो एकदाच, एकाच ठिकाणी ठरावा आणि तिथे ठरलेले सगळ्यांनी मानावे.

समजा, साताऱ्याकडचा एक माणूस पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वारला. मागे बायको, एक मुलगा, एक लग्न झालेली मुलगी आणि गावी म्हातारी आई. पिंपरीत सोसायटीतला फ्लॅट, गावी भावांबरोबर सामाईक जमीन, नागरी सहकारी बँकेत ठेव, गावच्या पतसंस्थेत थोडे पैसे, एलआयसीची पॉलिसी, मुलाने काढून दिलेले म्युच्युअल फंड आणि एक दुचाकी. श्रीमंतीचा पसारा नाही, महाराष्ट्रातल्या लाखो घरांत एवढेच असते. भांडणही नाही, असे धरून चालू.

आता तलाठ्याकडे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. नोंद आधी गाव नमुना ६-क या वारसांच्या नोंदवहीत, मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला नावबदल, मग हितसंबंधितांना नोटीस, १५ दिवस हरकतीची वाट, मग सर्कलसाहेबांची मंजुरी. ही झाली जमीन. तो फेरफार घेऊन बँकेत गेलात तर साहेब म्हणतील, हा महसुली कागद, आम्हाला वारस दाखला किंवा सक्सेशन सर्टिफिकेट आणा. साहेबांचे अगदीच चूक नाही, कारण फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही, तो शेतसारा वसुलीपुरता असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. सोसायटीत नॉमिनेशन आहे का, नसेल तर बाकीच्या वारसांची ना-हरकत, क्षतिपूर्ती बंधपत्र (नुकसान झाल्यास भरून देण्याची हमी), वर्तमानपत्रात नोटीस. म्युच्युअल फंडाचे फॉर्म निराळे. दुचाकीसाठी आरटीओत नमुना ३१, आणि मृत्यूची खबर ३० दिवसांत द्यायची होती हे तिथे गेल्यावर कळते. पतसंस्थेचे तर रिझर्व्ह बँकेशीही देणेघेणे नाही, ती राज्याच्या सहकार कायद्याखाली येते, तेव्हा तिचा नियम तिच्या व्यवस्थापकाला विचारावा.

प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न विचारला जातो, हा माणूस कोणाला मागे ठेवून गेला? आणि प्रत्येक खिडकीला त्याचे उत्तर नव्या स्टॅम्पपेपरवर हवे असते. खिडकीमागचा माणूस दुष्ट नसतो. उद्या एखादा वारस उपटला तर पैसे आपल्या गळ्यात यायला नकोत, एवढीच त्याची काळजी. म्हणून तो हमीपत्र मागतो, हमीदार मागतो, ‘वरून विचारून सांगतो’ म्हणतो. सगळी जोखीम नुकताच नवरा गेलेल्या बाईच्या सहीवर ढकलली की त्याचे काम संपते.

त्यात नावांचा घोळ. रुग्णालयाच्या कागदावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरेच. गावी माणूस ‘बापू’ म्हणूनच ओळखला जातो आणि जुन्या नोंदीत तेच चढलेले असते. बायकांचे हाल अधिक. माहेरच्या जमिनीवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, जुन्या उताऱ्यावर नुसते ‘भ्र.’ लावून नवऱ्याचे नाव. ही एकच बाई आहे हे सांगायला पुन्हा प्रतिज्ञापत्र. एकाच माणसासाठी पाच ठिकाणी पाच प्रतिज्ञापत्रे, आणि ती सगळी टंकणारा तहसील कचेरीबाहेरचा एकच टायपिस्ट. त्याच्याकडे या घराची वंशावळ सरकारपेक्षा चांगली तयार असते.

एवढा त्रास झाल्यावर लोक काय करतात? एक तर काहीच करत नाहीत. नाही तर मयताच्या एटीएम कार्डाने आणि त्याच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने पैसे काढत राहतात आणि खाते मोकळे झाले की विषय संपला म्हणतात. हे बेकायदा आहे, हे त्यांना ठाऊक असते. सरळमार्गी कुटुंबाला अशी आडवाट धरावी लागते, तेव्हा दोष कुटुंबात शोधण्यात अर्थ नाही.

काहीच न करण्याचे परिणाम सातबाऱ्यावर दिसतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. बुलढाण्यात सुरुवात, १ एप्रिलपासून राज्यभर. गावोगावी चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी करायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि ठरल्या मुदतीत फेरफार मंजूर करायचे. मोहीम चांगलीच होती. पण अशी मोहीम काढावी लागली, हीच कबुली आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत खबर द्यावी असे कलम १४९ आहे. सहा दशके ते पुस्तकात आहे, आणि तरी सातबारे मेलेल्यांच्या नावावर राहिले. लोकांना कर्ज लागते, पीकविमा लागतो, रस्त्यात जमीन गेली तर मोबदल्याचा चेक लागतो, तेव्हाच उतारा आठवतो, आणि तोवर आजोबांच्या नावामागे तिसरी पिढी उभी असते.

उशिराची खरी किंमत वरच्याच उदाहरणात पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेला बायको, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस, आणि इथे चौघांना प्रत्येकी पाव हिस्सा. आई यात आहे हे बहुतेकांना माहीतच नसते. ‘बायको-मुले सोडून आणखी कोण असणार’ असे म्हणत फॉर्म भरले जातात. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, हे कळल्यावर तर लोक चक्रावतातच. आता ही आई दोन वर्षांनी वारली, तिने मृत्युपत्र केले नाही, आणि तोवर फ्लॅटचे काहीच झालेले नाही. तर आईचा पाव हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो, त्यात मयताच्या वाट्याचा त्याच्या मुलांकडे. म्हणजे मयताचे भाऊ-बहिणी त्या पिंपरीच्या फ्लॅटमध्ये हिस्सेदार होतात. त्यांना तो नकोही असेल, पण त्यांच्या सह्या लागतात. त्यातला एक भाऊ गेला की त्याची बायको-मुले आली. फ्लॅट तोच आणि तेवढाच, ना-हरकतीच्या सह्या मात्र चारावरून चौदावर जातात.

यावर नेहमी मिळणारा सल्ला असा की मृत्युपत्र करा, नॉमिनी लावा. दोन्ही कराच. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. पण सल्ला देणारे पुढचे सांगत नाहीत. नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की शिकलेली माणसेही भावाला नॉमिनी करून निर्धास्त होतात. विम्याबाबत नॉमिनी हा फक्त रक्कम स्वीकारणारा, पैसा वारसांचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितले (२०१५ च्या दुरुस्तीने विम्यात आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच धरला). शेअर्सच्या बाबतीत २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी नॉमिनीच मालक असे धरले, २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ते चूक ठरवले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. तो शेवटचा खटला ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकीवरून उभा राहिला होता. साऱ्या महाराष्ट्राला तिथी-वार सांगणाऱ्या माणसाच्या गुंतवणुकीचे हे, तर बाकीच्यांचे काय. ते तर मृत्युपत्रही करून गेले होते.

मुंबईकरांना तर मृत्युपत्र असूनही आणखी एक फेरा होता. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांत हिंदूंच्या मृत्युपत्राला न्यायालयातून प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा शिक्का, घेणे भाग होते. दादरच्या घराला प्रोबेट हवे आणि पुण्याच्या घराला नको, याला इंग्रजांच्या सोयीपलीकडे कारण नव्हते. संसदेने २०२५ च्या अखेरीस १९२५ च्या वारसा कायद्यातले ते कलम २१३ काढून टाकले. चांगले झाले. कलम जाते, पण खिडकीवरची सवय जात नाही, म्हणून ‘तरीही प्रोबेट असेल तर बरे’ हे वाक्य अजून काही वर्षे ऐकू येईल, असा माझा अंदाज आहे.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने अलीकडे खरोखर चांगले पाऊल टाकले. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंतचा दावा सोप्या रीतीने, न्यायालयाच्या प्रमाणपत्राविना निकाली काढायचा, कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर बँक रेटवर (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) चार टक्के जादा दराने भरपाई. अंमलबजावणीची मुदत ३१ मार्च २०२६. सहकारी बँकांसाठी मात्र मर्यादा ५ लाख. आपल्याकडच्या मध्यमवर्गाची आणि निवृत्तांची ठेव जिथे सर्वाधिक विश्वासाने ठेवलेली असते, नेमके तिथेच सोय कमी. तरी दिशा बरोबर आहे, कारण उशिराचा भुर्दंड पहिल्यांदाच खिडकीच्या आतल्या बाजूला पडला. बँकांमध्ये दहा वर्षे कोणी न विचारलेल्या आणि म्हणून रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेल्या रकमा मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये होत्या. सगळ्या मयतांच्या नसतील. पण कोणीच विचारायला आले नाही यामागे बऱ्याचदा विचारणे झेपले नाही हेच असते.

वारस ठरवण्याची वाट मुळात महाराष्ट्रात काय आहे ते पाहू. तामिळनाडूत तहसीलदार वारस दाखला देतो. आपल्याकडे खरा वारस दाखला दिवाणी न्यायालय देते, आणि तो ज्याच्या आधारे देते तो आहे १८२७ चा मुंबई रेग्युलेशन आठ. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या वेळचा. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षे झाली होती तेव्हाचा नियम आजच्या फ्लॅटला, पीएफला आणि जमिनीला लावला जातो. ठेवी आणि रोख्यांसाठी पुन्हा वेगळे, १९२५ च्या कायद्याखालचे सक्सेशन सर्टिफिकेट, आणि ते स्थावराला चालत नाही. दोन्हींसाठी वकील, जाहीर नोटीस, तारखा. जिथे वाद आहे तिथे न्यायालय हवेच. जिथे चौघे वारस एका बाकावर बसून एकच गोष्ट सांगताहेत तिथे न्यायाधीशाचा वेळ कशाला घालवायचा, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

सावंतवाडीहून बांद्यामार्गे पुढे गेले की पत्रादेवीला हद्द ओलांडली जाते आणि वारशाचा कायदाच बदलतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर उभी राहिलेली पद्धत आहे, आणि राज्याने २०१२ च्या कायद्याने ती नव्याने बांधली. लग्न झाले की सहसा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून एक गेल्यावर अर्धे दुसऱ्याचे असतेच, ते वारशात येत नाही. उरलेल्या अर्ध्यात मुलगा-मुलगी समान, आणि मृत्युपत्राने वाटेल तसे द्यायला त्यातला निम्माच मोकळा. पण मला इथे महत्त्वाची वाटते ती रीत. वाद नसेल तर विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त होतो. वाटणी हवी असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे कुटुंबप्रमुख शपथेवर सगळे वारस आणि सगळी मालमत्ता सांगतो, एकाच प्रकरणात घर, बागायत, बँकेतले पैसे, कर्जे असे सारे येते आणि एकाच आदेशाने हिस्से पडतात. गोव्यात सगळे गोडच आहे असे कोणी समजू नये. तिथल्या इन्व्हेंटरीही वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि वारस लिस्बनपासून लंडनपर्यंत पांगल्यामुळे बंद पडलेली घरे गावागावात दिसतात. पण माणूस एकदा मेला तर प्रकरणही एकच असावे, एवढी गोष्ट तिथल्या कायद्याला कळलेली आहे.

वारस एकदाच, एकाच ठिकाणी ठरवावेत या सूचनेवर सर्वांत वजनदार हरकत बायकांच्या बाजूने येते. सोपे केलेत तर भाऊ बहिणींना गाळून दाखले काढतील. ही भीती खरी आहे. उतारे वाचणाऱ्याला ठाऊक आहे की आपल्याकडे बहिणींची नावे कित्येक ठिकाणी कब्जेदाराच्या रकान्यात न येता ‘इतर हक्कां’त टाकली गेली, नाही तर थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, म्हणून लागले आणि बाकी सगळे त्याच्या मागे लपले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने समान हक्क दिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ आधी वारले असले तरी हरकत नाही हेही स्पष्ट केले. कागदावर मुलगी पूर्ण बरोबरीची आहे.

पण ही हरकत आजच्या व्यवस्थेचा बचाव करू शकत नाही, कारण बहिणी गाळल्या गेल्या त्या याच व्यवस्थेत. वंशावळ हे अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र, नोटीस चावडीवर चिकटवलेली, आणि बहीण दोनशे किलोमीटरवर सासरी. खेटे इतके की ते घालणारा भाऊच सगळ्यांच्या वतीने ‘कर्ता’ होतो. मग तेराव्याला सगळे जमलेच आहेत तर हक्कसोड उरकून घेऊ, पुन्हा पुन्हा यायला नको, असा हिशेब होतो. हक्कसोड पत्राला नात्यातल्या लोकांत वडिलोपार्जित मालमत्तेसाठी नाममात्र, सध्या ५०० रुपये, मुद्रांक लागतो. बहिणीकडून कोट्यवधींचा हिस्सा सोडवून घेणे हे महाराष्ट्रातले सर्वांत सोपे कागदकाम आहे, आणि तोच हिस्सा तिच्या नावावर लावणे सर्वांत अवघड. किचकटपणाने बहिणीचे रक्षण होत नाही. तो तिला दमवतो, आणि दमलेल्या माणसाची सही लवकर मिळते.

म्हणून वारस ठरवणे सोपे करताना वारस लपवणे कठीण करावे लागेल, आणि ते आज शक्य आहे. मृत्यूची नोंद झाली की त्याच वेळी, मागणीची वाट न पाहता, तालुक्याला एका अधिकाऱ्याकडे वारस चौकशी उघडावी. दुय्यम निबंधकाला हे काम देता येईल, दस्त आणि ओळख पटवणे हे त्याचे रोजचेच आहे. जन्मनोंदी, विवाहनोंदी, जुनी रेशनकार्डे, शाळेचे दाखले हे सगळे सरकारच्याच घरात पडलेले आहे. त्यातून सरकारनेच वंशावळ मांडावी आणि कुटुंबाने ती तपासावी, आजच्या बरोबर उलट. नोटीस चावडीवर नको, प्रत्येक वारसाच्या हातात, तिच्या मोबाइलवर आणि पत्त्यावर पोचावी. हरकत आली तर प्रकरण न्यायालयात. नाही आली तर ठराविक मुदतीत एक दाखला, आणि तो तलाठी, बँक, पतसंस्था, सोसायटी, आरटीओ साऱ्यांना बंधनकारक. त्या दाखल्यावर विसंबून पैसे देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण हवे, कारण खिडकीमागच्या माणसाची भीती काढल्याशिवाय तो हमीदार मागायचे थांबणार नाही. मागाहून खोटे निघाले तर लपवणाऱ्याकडून वसुली व्हावी.

हे करायला काही कोटींचे नवे सॉफ्टवेअर लागेल, कर्मचारी लागतील, आणि पहिल्या वर्षी गोंधळ होईल. तो होऊ दे. आज मोहिमा काढून जुने सातबारे साफ करण्यात तेच कर्मचारी राबताहेत. वकिलांचे आणि एजंटांचे काही काम जाईल, तेव्हा विरोध तिकडूनही येईल. १८२७ चा नियम राज्य विधिमंडळाला बाजूला सारता येतो, वारशाचे कायदे समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. मूळ हिश्श्यांना हात न लावता फक्त रीत बदलायची आहे.

आणखी एक सूचना मी आग्रहाने जोडेन, आणि तिच्यावर माझे मित्रही भांडतात. मृत्यूनंतर पहिले वर्षभर नात्यातले हक्कसोड पत्र नोंदवूच नये, बहीण स्वतः एकटी येऊन मागेल तर गोष्ट वेगळी. मित्र म्हणतात, कर्ज अडेल, फ्लॅट विकता येणार नाही. अडणार नाही. सगळ्या वारसांची नावे लागली की सगळ्यांच्या सहीने विकता येते आणि पैसे हिश्श्याने वाटता येतात. अडेल ते फक्त एकाच्याच नावावर करून घेणे, आणि त्याला एक वर्ष थांबायला काही हरकत नसावी.